बोटभर जाडीच्या फांद्या

मे महिना अर्धा सरला की वसई-विरारच्या रस्त्यारस्त्यांवर झाडांखाली हिरव्या फांद्यांचे ढीग दिसू लागतात. पाऊस तोंडावर आलेला असतो. सोसायट्या नारळाच्या झावळ्या उतरवून घेतात, विजेच्या तारांना टेकलेल्या गुलमोहराच्या, सोनमोहराच्या, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटल्या जातात, बंगल्यांतले आंबे हलके केले जातात. या ढिगांतली जाड लाकडे फार वेळ पडून राहत नाहीत. कोणी भट्टीसाठी नेतो, कोणी चुलीसाठी मोळी बांधून नेते. मागे राहतात त्या बोटभर जाडीच्या डहाळ्या आणि त्यांना चिकटलेला पाला. त्यांना कोणी वाली नसतो. पालिकेचा टेम्पो आला तर त्या कचऱ्यात जातात, नाही आला तर संध्याकाळी कोणीतरी काडी लावतो आणि गल्लीभर धूर होतो.

घरच्या बागेसाठी, कुंड्यांसाठी, ओल्या कचऱ्याच्या खतासाठी लाकडाचा चुरा हवा असेल तर पहिली नजर या ढिगाकडे जायला हवी. लोक वखारीत चौकशी करतात, ऑनलाइन पिशव्या मागवतात, कोकोपीटच्या विटा विकत आणतात. पण झाडाच्या सगळ्या लाकडात मातीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग कोणालाही नको असलेल्या या बारीक डहाळ्यांत असतो. आपल्याकडे तो फुकट मिळतो. त्यासाठी थोडे आधी जाऊन उभे राहावे लागते, एवढेच.

चुरा हवा कशाला, हे आधी पाहू, कारण वसईत त्याचे कारण पाण्याशी येऊन भिडते. पश्चिमेकडचा हिरवा पट्टा, म्हणजे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर, पापडी हा सगळा भाग, समुद्राला लागून असलेल्या रेताड जमिनीवर वसलेला आहे. अशा जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. वरचे गोडे पाणी जेवढ्या वेगाने उपसाल तेवढे खालचे खारे वर सरकते आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती पूर्वपदावर यायला अनेक पावसाळे लागतात. इथल्या वाडीवाल्यांनी हे शास्त्र पुस्तकाशिवाय ओळखले होते. बावखले खोदली, त्यांत पावसाचे पाणी धरले, रहाटाने जेवढे निघेल तेवढेच काढले. केळी, पानवेल, अळू, वाल, सोनचाफा, मोगरा हे सगळे या पाण्यावर उभे राहिले. पुढे पंप आले, मग टँकर आले आणि बांधकामांसाठी विहिरींचे पाणी विकले जाऊ लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. तिच्या लढ्याच्या मुळाशी हिरवळीइतकाच हा पाण्याचा प्रश्न होता.

आज सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. पण २०११च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती आणि त्यानंतर ती थांबलेली नाही. झाडांना घालायला पाणी उरतच नाही असे उन्हाळे बहुतेक सोसायट्यांनी पाहिले आहेत. अशा ठिकाणी उघडी माती ठेवणे ही मोठी उधळपट्टी आहे. मार्च ते मे या काळात उघड्या मातीचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडाठणठणीत होतो आणि घातलेल्या पाण्यातला मोठा वाटा मुळांपर्यंत न पोचता उडून जातो. त्याच मातीवर चार बोटे जाड लाकडाच्या चुऱ्याचे आच्छादन घाला आणि तीन दिवसांनी हात घालून पाहा. खाली ओल असते, माती भुसभुशीत असते आणि गांडुळे वरपर्यंत आलेली असतात. तण कमी येते, कारण बियांना उजेड मिळत नाही. वळवाच्या थेंबांचा मार मातीवर पडत नाही म्हणून तिच्यावर कठीण पापुद्रा धरत नाही.

पालघर जिल्ह्याची उत्तरेची हद्द ओलांडली की लगेच गुजरातेत उंबरगावजवळ देहरी हे गाव लागते. तिथे भास्करभाई सावे (१९२२–२०१५) यांची ‘कल्पवृक्ष’ ही चिकू-नारळाची बाग आहे. किनारपट्टीची हीच हवा, हाच पाऊस. सावे यांनी आधी रासायनिक खतांची शेती केली, नंतर ती सोडली आणि झाडाचे गळलेले, छाटलेले सगळे झाडाखालीच ठेवण्याची पद्धत आयुष्यभर पाळली. नैसर्गिक शेतीचे जपानी प्रवर्तक मासानोबू फुकुओका यांनीही ही बाग पाहून तिची वाखाणणी केली होती. आच्छादनाबद्दल शंका असलेल्या माणसाला मी अमेरिकेतले व्हिडिओ दाखवत नाही, या बागेचे नाव सांगतो. आपल्याच हवेत, आपल्याच पिकांवर हे अनेक दशके चालले आहे.

आता बारीक डहाळ्यांचे मोल. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाडतोडीनंतर उरणाऱ्या शेंड्यांचे आणि फांद्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. तिथल्या लावाल विद्यापीठातले जिल लेम्यू आणि त्यांचे सहकारी यांनी सात सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या फांद्यांचा चुरा शेतात घालून अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट साधी आहे. झाडाचे खोड म्हणजे मुख्यतः मेलेले, कठीण लाकूड. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र नाममात्र. झाडाचा जिवंत कारभार चालतो तो साल, कोंब आणि कोवळ्या फांद्यांत. नत्र, स्फुरद, पालाश, चुना ही सगळी शिदोरी तिथे असते. म्हणून खोडाच्या भुशात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण दोनशे ते पाचशेस एक असे असते, तर पाल्यासकट बारीक फांद्यांत ते कितीतरी खाली येते. असा चुरा कुजताना बुरशी वाढते, बुरशीमागोमाग किडे-गांडुळे येतात आणि माती काळी होत जाते. पर्जन्यवृक्ष, गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर ही आपल्याकडची रोजची झाडे शेंगावर्गातली आहेत. त्यातला गुलमोहर सोडला तर बाकीची मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधणारी म्हणून ओळखली जातात. त्यांच्या डहाळ्या तर पहिल्या पसंतीच्या.

आपल्या भागात बारीक फांद्यांना एके काळी किती किंमत होती याचा एक जुना दाखला आहे. ठाणे-पालघर पट्ट्यातला भातशेतकरी राब भाजतो. ऐनासारख्या झाडांचा टाहाळ, पाला, शेण, गवत भाताच्या रोपांच्या जागेवर पसरायचे आणि पावसाआधी पेटवायचे. १८७८च्या वन कायद्यानंतर सरकारने जंगलांवर बंधने घातली तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा मोठा आक्रोश झाला तो या टाहाळासाठीच. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. ज्या फांद्यांसाठी इथल्या शेतकऱ्याने सरकारशी भांडण केले, त्याच आज रस्त्याकडेला बेवारस पडून असतात. राब भाजल्याने राख मिळते, तण आणि किडीची अंडी मरतात, पण फांदीतला कर्ब आणि नत्र हवेत जातो. तीच फांदी कापून जमिनीवर ठेवली तर दोन्ही मातीत उतरतात.

यातूनच मी एक नियम पाळतो आणि तो वाचकांनीही पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मनगटाएवढी फांदी चुलीची, बोटाएवढी आपली. कामण, पारोळ, तुंगारेश्वरच्या पायथ्याचे पाडे इथे अजून कितीतरी घरांत चूल पेटते. शहरातही बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्यांत जळण लागते. जाड लाकूड त्यांना हवे असते आणि मातीला त्याचा लगेच उपयोगही नसतो. बागेच्या हौसेपायी सरपणाचा भाव वाढवणे किंवा डोंगरातून आलेली मोळी विकत घेऊन तिचा चुरा करणे याला काहीच अर्थ नाही. आणि चुऱ्यासाठी उभे झाड कापायचे हा विचारही मनात आणू नये.

मिळवायचे कसे, यात माणसांशी बोलणे हे मुख्य. कायद्याची चौकट आधी लक्षात घ्या. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ इथे लागू आहे. झाड तोडायलाच नव्हे, फांद्या छाटायलाही पालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी घ्यायची रीत आहे. सोसायटीच्या आवारात छाटणी व्हायची असेल तर सचिवांकडे अर्जाची प्रत असते आणि काम कधी होणार हे त्यांना ठाऊक असते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच त्यांच्याशी बोलून ठेवले तर ठेकेदाराशी बोलणी होतानाच सांगता येते की बारीक माल आवाराबाहेर न्यायचा नाही. ठेकेदारालाही हे परवडते, कारण पाला-डहाळी जागा फार खाते, वजन काही भरत नाही आणि तिचे टेम्पोभाडे त्याच्याच खिशातून जाते. रस्त्यावरच्या छाटणीत तर मुकादमाला नुसते “दादा, जाड लाकूड तुम्ही न्या, ही बारीक डहाळी आमच्या फाटकाजवळ टाकाल का?” एवढे विचारले की काम होते. नाही म्हणणारा मुकादम मी अजून पाहिलेला नाही.

शिवाय २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा ज्याच्या आवारात तयार होतो त्याने तो वेगळा साठवावा आणि रस्त्यावर टाकू किंवा जाळू नये असे स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला दंड ठरवला, साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये. सोसायटीच्या सभेत खताची महती कानावर न घेणारे सभासद हा आकडा मात्र लक्ष देऊन ऐकतात.

वादळाचे वर्ष वेगळे असते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वसई तालुक्यात वाड्यांतल्या केळी आडव्या झाल्या आणि जागोजागी मोठी झाडे उन्मळली. अशा वेळी माल प्रचंड असतो, पण रस्ते मोकळे करणाऱ्यांच्या पायांत जायचे नाही. त्यांचे काम उरकू द्यावे, तारांखाली पडलेल्या फांदीला हात लावू नये. आठ-दहा दिवसांनी मैदानांवर रचलेले ढीग तिथेच असतात.

घरी आणलेल्या डहाळ्यांचा चुरा करायला यंत्र हवेच असे नाही. मोठ्या गृहसंकुलांत श्रेडर असतो, शेतकऱ्याकडे कडबाकुट्टी असते आणि पेन्सिलीएवढ्या कोवळ्या, ओल्या डहाळ्या कडबाकुट्टीतून निघतात. त्याहून जाड काही घालू नये आणि हात तोंडाशी नेऊ नये, हे सांगायला लागू नये इतके अपघात त्या यंत्राने पाहिले आहेत. एका कुटुंबाच्या बागेला मात्र कोयता आणि ओंडका पुरेसा आहे. ओंडका गुडघ्याएवढ्या उंचीचा, आडव्या कापाचा घ्यायचा. डहाळ्यांची जुडी डाव्या हातात चामडी हातमोजा घालून धरायची, शेंडे ओंडक्याच्या कडेबाहेर जाऊ द्यायचे आणि जुडी पुढे सरकवत चार-चार बोटांवर तोडत जायचे. तिरका घाव घातला की तुकडा सफाईने उडतो, सरळ घातला तर कोयता लाकडात अडकतो. छाटणीनंतर तीन-चार दिवसांत हे उरकावे. तोवर साल ओली असते, पाला टिकून असतो आणि गुलमोहर-शेवग्यासारखे लाकूड काकडीसारखे कापले जाते. पंधरा दिवस गेले की पाला झडतो, साल कडक होते आणि मेहनत दुप्पट होते. नारळाच्या झावळीचा देठाकडचा जाड भाग बाजूला काढावा, हीर खराट्यासाठी काढून घ्यावेत आणि पात्या कापाव्यात.

कुठले लाकूड टाळायचे? कण्हेर विषारी आहे, ती कोंबड्यांच्या खुराड्यात चालत नाही आणि तिचा धूरही वाईट. निलगिरी आणि सुरू यांचा ताजा चुरा रोपांच्या उगवणीला मारक ठरतो. तो सहा महिने ढिगात मुरू द्यावा किंवा नुसत्या पायवाटेवर पसरावा. वसईच्या किनाऱ्यावर सुरूची बने असल्याने हा माल सहज हाती येतो, म्हणून मुद्दाम सांगितले. किनाऱ्यावरच्या बनातली काटकी मात्र तिथेच राहू द्यावी. ती वाळू धरते.

इथवर झाडांकडून मिळणाऱ्या मालाचे झाले. सुताराकडून आणि वखारीतून मिळणारा माल वेगळा, आणि तिथे फुकटापेक्षा शुद्धतेची चौकशी अधिक करावी लागते. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, नवघर या पट्ट्यात हजारो लहान कारखाने आहेत. त्यांत फर्निचरवाले आहेत, पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट बनवणारे आहेत. आरागिरण्या मात्र मोजक्याच असतात, कारण १९९६च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपासून परवान्याशिवाय आरागिरणी चालवण्यावर कडक निर्बंध आले. गिरणीचा भुसा पूर्वीसारखा बाहेर ढीग लावून पडलेला नसतो. तो दाबून त्याच्या कांड्या करतात, लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात, आणि तो बॉयलरमध्ये जातो. म्हणून भुसा आता सहसा फुकट मिळत नाही. पोत्यावर भाव ठरतो आणि दोन-चार पोत्यांसाठी शेठ फारशी घासाघीस करत नाहीत. मालापेक्षा भाडे जड पडते. आपल्याकडे आधीच येणाऱ्या रिक्षा-टेम्पोच्या परतीच्या फेरीत तो आणावा.

वखारीच्या आवारात तीन प्रकारचा माल दिसतो. रंध्याखाली निघणारे कुरळे, फितीसारखे छिलके. करवतीखाली पडणारा रव्यासारखा भुसा. आणि पिठासारखी, हातावर घेतली की बोटांच्या रेषांत बसणारी राखाडी-तपकिरी भुकटी. पहिले दोन अस्सल लाकडाचे असू शकतात. तिसरी बहुतेक वेळा प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड कापताना निघालेली असते. या फळ्या युरिया-फॉर्माल्डिहाइडसारख्या गोंदांनी जोडलेल्या असतात. तिच्यात सनमायकाचे रंगीत कण चमकताना दिसतात, उन्हात धरली तर स्पष्ट. ती बागेत नको, खताच्या टोपलीत नको, जाळायला तर अजिबात नको. आजकाल घरोघरी फर्निचर प्लायचेच होते, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चालू आहे म्हणून पिशवी घेऊन जाण्याचा मोह टाळावा. मिस्त्रीला सरळ विचारावे, “हे सागाचं, पाइनचं आहे की प्लायचं?” तो खरे सांगतो.

पॅकिंगच्या पेट्या बहुतेक पाइनच्या असतात आणि त्यांचे छिलके हलके, स्वच्छ, सुवासिक असतात. पाइनने माती आंबट होते हा समज जुना आहे. वरून पसरलेल्या आच्छादनाने तसा लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. तुटलेली पॅलेट आणायची असेल तर तिच्या ठोकळ्यावर भाजून उमटवलेला शिक्का पाहावा. गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह असते आणि शेजारी इंग्रजी अक्षरे. एच-टी असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेले आहे. एम-बी असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ती पॅलेट तिथेच ठेवावी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरवलेले असतात, त्यांच्या जवळही जाऊ नये.

वसईची खास जागा म्हणजे बोटी बांधण्याचे आणि दुरुस्तीचे किनारे. पोर्तुगीजांच्या काळात वसई जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती, आजूबाजूच्या रानांतला साग इथे उतरत असे. ते दिवस गेले, फायबरच्या होड्या आल्या, तरी पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथे लाकडी बोटींचे काम अजून चालते. पावसाळी मासेमारी बंदीच्या आगेमागे बोटी वर ओढल्या की मिस्त्री वाकस घेऊन बसतो आणि नव्या फळीला, वाकाला आकार देताना तळहाताएवढ्या ढलप्या खाली पडत जातात. या ढलप्या टिकाऊ लाकडाच्या असल्याने लवकर कुजत नाहीत. खतासाठी त्या उपयोगाच्या नाहीत, पण मोठ्या कुंड्यांच्या पृष्ठभागावर आणि पावसात चिखल होणाऱ्या पायवाटेवर त्या दोन-तीन वर्षे टिकतात. नव्या लाकडाच्याच घ्याव्यात. जुन्या बोटीची खरवड घेऊ नये. तिच्यात डांबर, तेल आणि तळाला शेवाळ-कालवे धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगाचे विषारी तांबे असते. आणि मिस्त्रीला, नाखवाला विचारल्याशिवाय ढलपी उचलू नये, कारण त्यावर बहुधा घरातल्या कोणाच्या तरी चुलीचा हक्क असतो.

विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आळी नाहीत, वाडी नाही. त्याला चुरा लागतो तो ओल्या कचऱ्यासाठी. भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र जास्त असते. कर्ब-नत्राचे प्रमाण पंधरा-वीसला एक. कुजण्याचे काम नीट चालायला ते पंचवीस-तीसच्या घरात हवे. तेवढा कर्ब मिळाला नाही तर नत्र अमोनिया होऊन उडतो, कचऱ्याला पाणी सुटते आणि शेजारी तक्रार करतात. रोजच्या कचऱ्यावर दोन मुठी छिलके टाकले की पाणी शोषले जाते, मध्ये हवा खेळते आणि वास थांबतो. इथे नुसता बारीक भुसा वापरू नये, तो ओला होऊन थापीसारखा बसतो. भुसा आणि छिलके किंवा भुसा आणि सुका पाला निम्मे-निम्मे घ्यावे. चौघांच्या घराला पोतेभर छिलके काही महिने पुरतात आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात ते पोते मावते.

हाच भुसा एके काळी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इंधन होता. पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोक, मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून आडवी काठी बाटलीपर्यंत सारायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली आणि काठी हलकेच काढून घ्यायची आणि खालून पेटवायचे. एकदा पेटलेली ही भुशाची शेगडी कित्येक तास मंद जळत असे. आता ती बंद खोलीत मुळीच लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नाताळात वसईच्या घराघरांतून गोठे उभे राहतात तेव्हा गवतासाठी भुसा हिरवा रंगवतात, रांगोळीलाही तो वापरतात. अशा रंगवलेल्या भुशात काय मिसळले आहे ते विचारून मगच तो कुंडीत घालावा.

आच्छादनाबद्दल तीन भीती लोक बोलून दाखवतात. पहिली, नत्र ओढले जाते. भुसा मातीत कालवला तर हे खरे आहे, कुजवणारे जीव मातीतला नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. वर पसरला तर हा परिणाम फक्त माती आणि चुऱ्याच्या सांध्यापुरता राहतो. म्हणून कालवू नये, पसरावा. दुसरी भीती वाळवीची. वाळवी वसईत सगळीकडे आहेच आणि तिला बुंध्याची सुकी साल अधिक आवडते. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, घराच्या भिंतीला आणि चौकटीला चुरा टेकू देऊ नये. तिसरी भीती सापांची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घोणस पाचोळ्यात दिसत नाही. दारासमोर, नळापाशी, मुले खेळतात तिथे आच्छादन घालू नये, आणि वाडीत ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे.

पावसाळ्यात मात्र आच्छादन जाड ठेवण्यात शहाणपण नाही. कोकणपट्टीच्या पावसात चार बोटांचा थर सतत निथळत राहतो, मुळांशी हवा कमी पडते, शंखी गोगलगायी त्यात दिवसभर लपतात आणि रात्री कोवळी रोपे फस्त करतात. मेमध्ये मिळालेला माल लगेच आळ्यात न पसरता कोपऱ्यात ढीग करून ठेवावा आणि वर जुनी ताडपत्री टाकावी. ताजा हिरवा चुरा ढिगात तापतो, हात घातला तर चटका बसावा इतका. फ्रान्समध्ये जाँ पँ यांनी १९७०च्या दशकात अशाच झुडपांच्या चुऱ्याच्या मोठ्या ढिगातून नळ्या फिरवून घरासाठी महिनोन् महिने गरम पाणी मिळवले होते. आपला घरगुती ढीग तेवढा मोठा नसतो. तो आठवडा-दोन आठवड्यांत निवतो आणि मग हळूहळू मुरतो.

हिशेब सोपा आहे. पन्नास किलो धान्याच्या पोत्यात साधारण सत्तर लिटर चुरा मावतो आणि तेवढ्यात एक चौरस मीटर जागेवर सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटांचा थर होतो. नारळाच्या एका आळ्याला तीन-चार पोती, बाल्कनीतल्या दहा-बारा कुंड्यांना एक पोते. नवरात्रात पाऊस मागे हटला की ताडपत्री काढावी. ढिगाचा तळचा थर तोवर काळा, मऊ झालेला असतो, तो कुंड्यांच्या मातीत घालावा. वरचा, अजून लाकूड ओळखू येणारा चुरा आळ्यांत पसरावा, म्हणजे दिवाळीनंतर वारे कोरडे होतील तेव्हा माती झाकलेली असेल.